खर्डा पुरा झाल्यानंतर

साहित्याच्या निर्मितिप्रक्रियेविषयी मराठीत जे लिहिले गेले, त्याचा फार मोठा भाग आरंभाविषयी आहे. स्फूर्ती, प्रतिभा, अनुभवाची उत्कटता, बीज, त्याचे अंकुरणे ही सगळी शब्दसंपदा लेखणी कागदाला टेकण्याच्या आधीची, फार तर टेकण्याच्या क्षणाची आहे. हाती घेतलेले लेखन एकदाचे पुरे होते तेव्हा लेखकाच्या पदरात नेमके काय पडते, हा प्रश्न आपण सहसा विचारत नाही. पुस्तक पडते, असे गृहीत धरतो. परंतु पुस्तक नंतरचे. आधी पडतो तो कच्चा खर्डा. आणि खर्डा म्हणजे पुस्तकाचा केवळ अपुरा अवतार नव्हे, तो एक स्वतंत्र दस्तऐवज आहे असे मला वाटते. त्यात कथा असतेच, पण कथेच्या खाली लेखकाच्या सवयींची एक नोंदवहीही असते. ती त्याने जाणूनबुजून लिहिलेली नसते, म्हणूनच ती विश्वासार्ह असते.

आपल्या परंपरेत या बाबतीत एक ठळक अपवाद आहे. तो राजशेखराचा. नवव्या-दहाव्या शतकांच्या संधीवर कनौजच्या प्रतिहार राजांच्या आश्रयाला असलेला, पण 'महाराष्ट्रचूडामणी' म्हणवल्या गेलेल्या अकालजलदाचा हा वंशज (म्हणजे तसा आपल्यापैकीच) 'काव्यमीमांसे'च्या दहाव्या अध्यायात कवीच्या दिनक्रमाची आखणी करतो. दिवसाचे चार प्रहर. पहिला अध्ययनाचा, दुसरा रचनेचा, तिसरा काव्यगोष्ठीचा. आणि चौथ्यात सकाळी रचलेले पुन्हा तपासायचे. त्यामागचे त्याने दिलेले कारण मार्मिक आहे. रसाच्या आवेशात रचना करणाऱ्याची दृष्टी विवेक करणारी नसते, म्हणून तपासायचे. आणि तपासताना जास्तीचे काढायचे, उणे असेल ते भरायचे, जागा चुकलेले हलवायचे. त्याच अध्यायात ग्रंथ नष्ट होण्याची कारणे सांगताना आग आणि पाणी यांच्या रांगेत तो लेखकाच्या चालढकलीलाही बसवतो: नंतर पुरे करीन, नंतर संस्कार करीन, मित्रांशी बोलून पाहीन, ही घालमेल. हजारएक वर्षांपूर्वीचे हे निरीक्षण मराठीच्या प्राध्यापकांच्या कपाटांना आणि त्यांच्या संगणकांतल्या फोल्डरांना आजही लागू पडते.

मात्र राजशेखराचा कवी रोजचे रोज तपासतो, आणि कादंबरीकाराला ते पुरत नाही. सवय ही पुनरावृत्तीतून दिसणारी गोष्ट आहे. एका दिवसाच्या पानात एखादी सैल ओळ सापडेल, एखादे विशेषण खटकेल. पण तीच बगल आपण सातव्यांदा दिली आहे हे कळायला तीनशे पाने लिहून झालेली असावी लागतात, आणि ती शेवटापर्यंत गेलेली असावी लागतात. अर्धवट राहिलेली कादंबरी लेखक कसा सुरू करतो एवढेच सांगते. तो कशापुढे थबकतो, कोणत्या वळणावर नेहमी तीच वाट धरतो, हे पुऱ्या झालेल्या खर्ड्यातच वाचता येते. माझे म्हणणे याच्याही पुढचे आहे. हे वाचन शिकण्यासाठी सर्वांत उपयोगी प्रकार कोणता असेल, तर तो म्हणजे आपल्या विभागांत ज्याला कोणी हातही लावत नाही तो, प्रेमकादंबरी.

येथे एक खुलासा हवा. मराठी कादंबरीच्या इतिहासात 'मंजुघोषा' (१८६८) वगैरे कादंबऱ्यांना आपण अद्भुतरम्य म्हणतो आणि त्यासाठी रोमान्स हाच शब्द वापरतो. मला तो प्रकार अभिप्रेत नाही. दोन माणसांचे प्रेम हेच जिचे मध्यवर्ती कथानक आहे आणि जिचा शेवट समाधानाचा व आशेचा असतो, ती कादंबरी. अमेरिकेतल्या रोमान्सलेखकांच्या संघटनेने केलेली व्याख्याही जवळपास एवढीच आहे. म्हणजे या प्रकारात शेवट वाचकाला पहिल्या पानावरच ठाऊक असतो. रहस्यकथेत लेखकाला रहस्याच्या आड लपता येते. ऐतिहासिक कादंबरीत पुष्कळसा भार इतिहासच उचलतो. सामाजिक कादंबरीत प्रश्नाचे गांभीर्य लेखकाच्या मदतीला येते, आणि समीक्षकाच्याही. प्रेमकादंबरीत असा आडोसा नाही. काय होणार हे सर्वांना माहीत असल्यामुळे कसे होते एवढेच उरते, आणि ते 'कसे' म्हणजेच लेखकाच्या सवयी.

या प्रकाराकडे आपण कसे पाहिले याचा एक पुरावा मोठा बोलका आहे. चंद्रकांत काकोडकरांची 'श्यामा' ही कथा 'रंभा'च्या १९६२च्या दिवाळी अंकात आली, तिच्यावर अश्लीलतेचा खटला झाला, तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९६९मध्ये लेखक निर्दोष ठरला. मराठीतील एका लोकप्रिय प्रणयकथेचे सर्वांत बारकाईचे वाचन असे न्यायासनासमोर झाले! विद्यापीठांनी तिला तेवढाही वेळ दिला नाही. ज्याचे वाचनच होत नाही त्याची कारागिरी कोण पाहणार?

गेल्या वर्षी मी अशा एका कादंबरीचा खर्डा पुरा केला. सांगलीच्या हळदपेठेतल्या एका अडत दुकानाचा दिवाणजी आणि जवळच्या शाळेतल्या चित्रकलेच्या बाई, दोघेही पस्तिशीपलीकडचे. ती प्रसिद्ध होईल की नाही हा येथे मुद्दा नाही. खर्डा संपल्यावर महिनाभर बाजूला ठेवला आणि मग दुसऱ्या कुणाचा असावा तसा, पेन्सिल हाती घेऊन वाचला. जे दिसले त्यातले एक निरीक्षण मराठीच्या अभ्यासकांना विचार करण्याजोगे वाटेल.

मराठीत प्रेमाचा खरा उच्चार 'प्रेम' या शब्दाने होत नाही, तो संबोधनाने होतो. 'तुम्ही'चे 'तू' होते तेव्हा सारे काही बोलून झालेले असते. इंग्रजीत ही सोय आज नाही. आपल्याकडे आहे, आणि 'बाई', 'अहो', 'दिवाणजी', नुसते नाव अशा कितीतरी पायऱ्यांसह आहे. प्रेमकादंबरीत लेखकाने ही पायरी कोणत्या पानावर ओलांडली हे शोधणे म्हणजे कादंबरीचा कणा शोधणे. मी माझ्या खर्ड्यात ते पान शोधत होते. चौदाव्या प्रकरणाच्या अखेरीस दिवाणजी 'बाई, तुम्ही' असे म्हणतात. पंधराव्याच्या सुरुवातीला ते 'तू' म्हणतात, आणि बाईंना त्यात काही नवल वाटत नाही. पान कुठेच नव्हते. पायरी दोन प्रकरणांमधल्या कोऱ्या जागेत ओलांडली गेली होती. मग मागे जाऊन पाहिले, तर निर्णायक असे जवळपास प्रत्येक बोलणे तसेच, प्रकरण संपताना किंवा सुरू होण्याआधी, वाचकाच्या पाठीमागे होऊन गेलेले.

त्याच्या जोडीला दुसरी गोष्ट होती, ती वाक्यरचनेची. मराठीत प्रेम करणारा कर्ता सापडणे मुळातच अवघड. प्रेम बसते, जडते, होते. राग येतो, आठवण येते, रडू येते, भीती वाटते. 'मला तू आवडतेस' या वाक्यात ज्याला आवडते तो चतुर्थीत जाऊन उभा राहतो आणि कर्तेपण समोरच्या माणसाकडे जाते. 'मी तुझ्यावर प्रेम करतो' हे वाक्य व्याकरणशुद्ध असूनही पुष्कळांच्या कानाला आजही पडद्यावरचे वाटते. भावना माणसाकडे येते, माणूस ती करीत नाही, असा हा आपल्या भाषेचा स्वभाव आहे आणि तो सुंदर आहे. पण लेखकाला तो आयता आडोसाही देतो. त्यात भर 'नकळत' या शब्दाची. हात नकळत पुढे जातो, डोळे नकळत भरतात, पावले नकळत वळतात. 'नकळत' म्हणजे लेखकाने पात्राला दिलेला जामीन आहे: याने काही केले नाही, ते होऊन गेले.

आता हा भाषेचा स्वभाव की लिहिणाऱ्याची सवय? ते तपासायला माझ्यापाशी त्याच खर्ड्यात साधन होते. अडत दुकानातला भांडणाचा प्रसंग. पोत्याच्या वजनावरून तोलार, व्यापारी आणि शेतकरी यांची जुंपते, आणि तिथे प्रत्येक माणूस कर्ता उघड असलेल्या वाक्यात बोलतो: तू उचललेस, मी मोजले, तुम्ही फसवता. नकळत तिथे काहीही होत नाही. भाषा तीच, लेखणी तीच, महिनाही बहुधा तोच. तेव्हा आडोसा भाषेने देऊ केला असला, तरी तो घ्यायचा की नाही हे लिहिणाऱ्याने ठरवले होते. ही गोष्ट पुऱ्या खर्ड्याखेरीज कळली नसती, कारण भांडणाचा प्रसंग विसाव्या प्रकरणात आहे आणि पंधराव्यानंतर थांबण्याचा मोह मला दोनदा झाला होता.

सवय ही चूक नव्हे, हे येथेच म्हटले पाहिजे. नाहीतर ही सगळी चर्चा शुद्धलेखन तपासण्यासारखी होईल. सवय लेखकाला वळण देते; तिच्यावाचून शैली संभवत नाही. प्रश्न एवढाच असतो की, हाती घेतलेल्या कथेला ती सवय मानवते का. या प्रश्नाचे माझ्या माहितीतले सर्वांत स्पष्ट उदाहरण मराठीतले नाही. आपल्याकडे लेखकांचे कच्चे खर्डे जपून ठेवण्याची रीत फारशी रुजली नाही, त्यामुळे उदाहरणासाठी बाहेर जावे लागते. ते जेन ऑस्टेनच्या 'पर्स्वेजन'चे आहे.

'पर्स्वेजन' ही तिची पुरी झालेली शेवटची कादंबरी. ॲन एलियट सत्तावीस वर्षांची आहे. आठ वर्षांपूर्वी, लेडी रसेल या आईसारख्या स्नेही बाईंच्या सांगण्यावरून, तिने फ्रेडरिक वेंटवर्थ या निर्धन नौदल अधिकाऱ्याशी ठरलेले लग्न मोडले. आता तो कॅप्टन होऊन, पैसा मिळवून परत आला आहे. दोघे एकाच खोलीत वावरतात आणि एकमेकांशी जवळजवळ बोलत नाहीत. ऑस्टेनने कादंबरी संपवली आणि खर्ड्याच्या अखेरीस १८ जुलै १८१६ ही तारीख घातली. पण ६ ऑगस्टपर्यंत तिने शेवटाजवळचे एक प्रकरण काढून टाकून त्याच्या जागी दोन नवी लिहिली. काढलेल्या मजकुराची पाने सुदैवाने राहिली. तिच्या प्रकाशित कादंबऱ्यांपैकी हस्तलिखित उपलब्ध असलेला हा एकमेव भाग, आज तो ब्रिटिश लायब्ररीत आहे. तिच्या पुतण्याने, जेम्स एडवर्ड ऑस्टेन-ली याने, आपल्या आठवणींच्या पुस्तकाच्या १८७१च्या दुसऱ्या आवृत्तीत हे प्रकरण छापले. पहिला शेवट तिला स्वतःला मिळमिळीत वाटला, त्या रात्री ती खिन्न मनाने झोपली आणि सकाळी उठल्यावर नव्याने लिहायला बसली, अशी कुटुंबातली आठवण त्याने नोंदवली आहे.

काढलेल्या प्रकरणात काय घडते ते पाहण्यासारखे आहे. बाथ शहरात ॲनला रस्त्यात ॲडमिरल क्रॉफ्ट भेटतात आणि आग्रहाने आपल्या बिऱ्हाडी नेतात. हे क्रॉफ्ट म्हणजे वेंटवर्थच्या बहिणीचे यजमान, आणि ॲनच्या वडिलांच्या वाड्याचे भाडेकरूही. घरात वेंटवर्थ बसलेला. ॲनचे लग्न तिच्या चुलतभावाशी ठरले आहे अशी वदंता आहे; तसे असेल तर नव्या जोडप्याला वाडा हवा असेल, मग आम्ही तो सोडू, हे तिला विचारायचे काम ॲडमिरल वेंटवर्थवर सोपवतात. तो अवघडून दुसऱ्याचा निरोप पोचवतो. ती सांगते, वदंतेत तथ्य नाही. आणि त्यानंतर? त्यानंतर दोघे एकमेकांकडे पाहतात. निवेदक आपल्याला कळवतो की, या नुसत्या पाहण्यात विनवणी आणि स्वीकार दोन्ही होऊन गेले. मराठी वाचकाला हे किती ओळखीचे वाटावे! मध्यस्थ, निरोप आणि डोळ्यांची भाषा. कुणीही काहीही बोललेले नाही.

ही ऑस्टेनची सवयच होती. 'सेन्स अँड सेन्सिबिलिटी'त (१८११) एडवर्डने मागणी कशी घातली हे सांगण्याची गरज नाही, असे निवेदक सांगून मोकळा होतो. 'प्राइड अँड प्रेज्युडिस'मध्ये (१८१३) डार्सीची दुसरी मागणी त्याच्या शब्दांत येते, पण एलिझाबेथचे उत्तर निवेदक आपल्या शब्दांत आटोपतो. 'मॅन्सफील्ड पार्क'मध्ये (१८१४) एडमंडचे मन किती दिवसांत पालटले हे वाचकानेच आपापल्या मगदुराप्रमाणे ठरवावे अशी मोकळीक आहे. 'एमा'त नाइटली बोलतो, एमाचे उत्तर मात्र खट्याळपणे गिळलेले. चार कादंबऱ्यांत नायिकेच्या तोंडचे निर्णायक शब्द आपल्याला ऐकायला मिळत नाहीत. आणि तेथे ते शोभते, हे मुद्दाम सांगायला हवे. एलिझाबेथ आणि एमा तीनशे-चारशे पाने अखंड बोलत आलेल्या आहेत; त्यांचे एक वाक्य निवेदकाने पदराखाली लपवले तर त्यात गंमत आहे. ॲनचे तसे नाही. आठ वर्षे ती गप्प आहे. घरात तिचे कुणी ऐकत नाही. दुसऱ्यांच्या बोलण्याने तिचे लग्न मोडले आहे. अशा बाईचे मीलनही दुसऱ्याच्या निरोपाने आणि नुसत्या पाहण्याने झाले, तर कादंबरीने उभा केलेला प्रश्नच बुजून जातो. चार कथांना मानवलेली सवय पाचव्या कथेला मानवली नाही.

नव्या प्रकरणात ऑस्टेनने काय केले? व्हाइट हार्ट या खाणावळीतली माणसांनी भरलेली खोली. एका मेजाशी वेंटवर्थ पत्र लिहितो आहे. खिडकीशी कॅप्टन हार्विल आणि ॲन बोलत आहेत. विषय हार्विलच्या दिवंगत बहिणीचा: तिच्यासाठी काढून घेतलेले बेनविकचे छोटे चित्र आता दुसऱ्या मुलीसाठी मढवायचे आहे, आणि ते मढवण्याविषयीचेच पत्र वेंटवर्थ लिहितो आहे. कोणाचे प्रेम अधिक टिकते, पुरुषाचे की स्त्रीचे, यावर वाद चालतो. सगळी पुस्तके स्त्रीच्या चंचलपणाची साक्ष देतात असे हार्विल म्हणतो, आणि ॲन पुस्तकांची साक्ष नाकारते, कारण लेखणी आजवर पुरुषांच्याच हाती राहिली आहे. मग आशा संपल्यावरही प्रेम करीत राहण्याविषयी ती बोलते. मागे वेंटवर्थच्या हातून लेखणी पडते. ऐकता ऐकताच तो दुसरे पत्र लिहितो, तिला उद्देशून, आणि ते तिच्या समोर ठेवून जातो. ते पत्र आपल्याला पूर्ण वाचायला मिळते.

येथे अभ्यासकाने जरा थांबावे. ऑस्टेनने सवय टाकून दिली असे सहज म्हणता येईल, पण ते खरे नाही. मध्यस्थ आहेच, ॲडमिरलच्या जागी हार्विल आला. दोघे समोरासमोर बोलत नाहीतच. एक जण तिसऱ्याशी बोलतो, दुसरा कागदाशी. पत्र वाचल्यानंतर रस्त्यात गाठ पडते तेव्हा ॲनचा होकार पुन्हा चेहऱ्यावरच उमटतो, आणि पुढचे सारे संभाषण निवेदक बहुतेक आपल्याच शब्दांत सांगतो. बदलले ते एवढेच: खर्ड्यात तिसरा माणूस आपले शब्द या दोघांच्या तोंडी घालत होता, सुधारलेल्या पाठात तिसऱ्या माणसाच्या निमित्ताने ॲन स्वतःचे शब्द बोलते. सवय तीच, पण आता ती आडोसा राहिली नाही. तिच्याकडून लेखिकेने काम करवून घेतले. पाठ पुरा झालेला नसता तर हे साधले असते असे मला वाटत नाही. पहिला शेवट लिहून, त्याखाली तारीख घालून झाल्यावरच तो तिला मिळमिळीत वाटू शकला.

(हस्तलिखितांची आणखी एक गंमत. २०१०मध्ये ऑस्टेनची हस्तलिखिते संगणकावर सर्वांना खुली झाली, तेव्हा त्या प्रकल्पाच्या संपादिका कॅथरिन सदरलँड यांनी दाखवले की, छापील पुस्तकांतली ती नेटकी विरामचिन्हे हस्तलिखितात दिसत नाहीत. तिथे आडव्या रेघांची रेलचेल आहे. यावर अभ्यासकांत वाद झाला. तो आपला विषय नाही. पण 'शैली' म्हणून आपण जे शिकवतो त्यातले किती लेखकाचे आणि किती छापखान्याचे, याचा विचार वर्गात एकदा तरी व्हायला हरकत नाही.)

मराठीत कथालेखनाच्या कारागिरीविषयी पद्धतशीर बोलणारे पहिले मोठे नाव ना. सी. फडके यांचे. 'प्रतिभासाधन' (१९३१) हे त्यांचे पुस्तक आज अनेकांना केवळ तंत्रवादाचे पाठ्यपुस्तक वाटते, आणि त्या तंत्रवादावर पुढे पुष्कळ टीका झाली. तरी लेखनाची कारागिरी ही चर्चेची गोष्ट आहे, तिच्यात कमीपणा नाही, हे त्यांनी उघड मांडले. त्यासाठी आपण त्यांचे ऋणी असायला हवे. माझी तक्रार वेगळी आहे. तंत्र लेखनापूर्वी शिकवता येते. गुंतागुंत कुठे घालावी, उत्कर्षबिंदू कुठे आणावा, हे सगळे वर्गात सांगता येते आणि ते सर्वांना एकच असते. सवय मात्र ज्याची त्याची असते, लेखनानंतरच दिसते आणि दुसऱ्या कुणाला शिकवता येत नाही. आपल्याकडे तंत्र विरुद्ध उत्स्फूर्तता असा वाद इतका काळ चालला की, या दोहोंत न बसणारी ही तिसरी गोष्ट नजरेआड राहिली. मम्मटाने काव्याच्या हेतूंमध्ये शक्ती आणि निपुणता यांच्या बरोबरीने अभ्यास सांगितला. त्या अभ्यासात स्वतःच्या खर्ड्याचा अभ्यास येतो, असे मी मानते. त्याचा अर्थ केवळ सराव असा करून आपण तो शब्द संकुचित केला.

यावर दोन आक्षेप येतील. एक असा की, स्वतःच्या सवयी मोजत बसणारा लेखक अवघडून जाईल. चालताना पावलांकडे पाहणारा माणूस अडखळतो. हे चालत असताना खरे आहे. म्हणूनच खर्डा आधी पुरा करायचा. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. मराठी कादंबरीचा मोठा भाग क्रमशः लिहिला गेला. हरिभाऊ आपट्यांनी 'करमणूक'मधून दर आठवड्याला प्रकरणे दिली, त्यांना कुठला आला पुरा खर्डा? आणि आज मोबाईलवर प्रकरणाप्रकरणाने वाचल्या जाणाऱ्या असंख्य मराठी प्रेमकथांना तरी कुठला? तिथे लिहिणाऱ्या मुली पुढच्या प्रकरणाची मागणी वाचकाकडून रोज ऐकतात आणि रोज ती पुरवतात. माझे उत्तर असे की, त्या कथाही कधीतरी संपतात. त्या संपल्यावर कोणी मागे वळून त्यांचे वाचन करते का, हा प्रश्न आहे. एम. ए.च्या वर्गात अशा लिहिणाऱ्या विद्यार्थिनी असतात. आपण लिहितो हे त्या सांगत नाहीत, कारण 'तसले' लिहिणे आणि मराठी साहित्य विशेष विषय घेणे यांचा संबंध आपण त्यांना कधी दाखवलेला नसतो. शेकडो पानांचे पुरे झालेले लेखन त्यांच्यापाशी आहे. त्यांना साहित्यमूल्ये शिकवणाऱ्या आमच्यापैकी कितीजणांपाशी ते आहे?

सर्जनशील लेखनाच्या अभ्यासपत्रिकेत आपण विद्यार्थ्याकडून एक कथा, दोन कविता, एखादा ललितलेख मागतो. हे सारे तुकडे आहेत आणि तुकड्यांत सवयी दिसत नाहीत. त्याऐवजी एखादे पूर्ण, लांब, शेवटापर्यंत गेलेले लेखन मागावे, त्याला गुण देऊ नयेत, आणि गुण द्यावेत ते त्या लेखनावर विद्यार्थ्याने स्वतः केलेल्या टिपणाला. संबोधने कुठे बदलली, महत्त्वाचे बोलणे कोणाच्या तोंडी दिले आणि कोणाच्या तोंडून काढून घेतले, 'नकळत' कुठे आले, प्रकरणे कशावर संपली. परीक्षकांचे काम वाढेल हे खरे. पण दरवर्षी तीच ती कविता तपासण्याहून ते अधिक रंजक होईल.

माझा दुसरा खर्डा सध्या चालू आहे. चौदाव्या आणि पंधराव्या प्रकरणांच्या मध्ये आता एक नवे प्रकरण आले आहे. हळदीचे सौदे आटोपून पेठ रिकामी झाली आहे, दिवाणजी खतावणी मिटतात आणि बाईंना पहिल्यांदाच 'तू' म्हणतात. बाई शाळेतल्या. त्या ते तिथल्या तिथे दुरुस्त करतात. 'तुम्ही' म्हणा, असे शांतपणे सांगतात. पहिल्या खर्ड्यातली कोरी जागा मला हे करू देत नव्हती, आणि बाई असे काही म्हणतील हे मलाही ठाऊक नव्हते. त्यामुळे पुढची सहा प्रकरणे आता पुन्हा लिहावी लागणार आहेत.